चिची चिचुंद्रीचं चूलबंद बारसं

बघू कुणाची छाती होते ही गोष्ट खरी मानायची.

एक शब्द तरी खरा मानून दाखवा. न्हाई जमायचं. मी सांगते म्हणजे थाप, असं तुमची आई बी म्हणते. म्हणू दे. मी तिथंच होते, बाभळीच्या मागं. सगळं या डोळ्यांनी बघितलंय. एक डोळा झोपला होता, पण दुसरा जागा होता.

तर ऐका. नाकातलं बोट काढा आणि ऐका.

ओढ्याच्या काठाला एक बीळ होतं. बिळात एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव चिची. एवढीशी. नाक लांब, डोळे बारीक, आणि अंगाला वास. कसला वास ते विचारू नका, आत्ताच जेवलाय तुम्ही.

चिचीला एक पिल्लू झालं. गुलाबी गुलाबी. शेंगदाण्याएवढं.

पण पिल्लाला नाव नव्हतं.

चिची हाक मारायची, "ए."

बोकड मागं बघायचा. कोंबडी मागं बघायची. पाटलाची म्हैस मागं बघायची. पिल्लू बघायचंच न्हाई. त्याला काय ठाऊक, "ए" म्हणजे आपण?

म्हणून चिचीनं ठरवलं, आज बारसं करायचं. आजच. दिवस मावळायच्या आत. शेजारच्या घुशीचं बारसं असंच राहिलं होतं. आज करू, उद्या करू, करू की, काय घाई हाय. ती घूस आता म्हातारी झाली. दात पडले तिचे. तिला अजून सगळी "ए" म्हणतात.

चिचीनं बिळापुढचं अंगण झाडलं. मूठभर हरभरे भिजवले, घुगऱ्यांना. मुंग्यांना बारशाचं आवतण देऊन आली. आणि दारात मांडव घातला. मांडव कसला? खाली चार काड्या, वर सागाचं एक पान.

आणि आला वारा.

सूंऽऽ.

पान उडालं. भुर्रर्र. ओढ्यात पडलं. टपाक. वाहून गेलं.

राहिल्या चार काड्या. उभ्या. टक्कल पडल्यागत.

आता बिनमांडवाचं बारसं कसं करायचं? ऊन तर असं, की गुलाबी पिल्लाचं लाल पिल्लू होईल.

पिल्लानं आईच्या पाठचे केस तोंडात धरले. चिचुंद्रीची पिल्लं अशीच जातात, लटकत लटकत. आणि निघाली चिची.

तुरुतुरु तुरुतुरु. नाक वर, शेपूट खाली.

गेली बाभळीखाली. बाभळीवर सुगरण. मांडव विणावा तर तिनंच.

सुगरण म्हणली, "काय गं चिचे, कुठं पळतेस?"

"सुगरणताई, सुगरणताई, मांडव विण.
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

सुगरणीनं मान वाकडी केली. म्हणली, विणते की. पण तुझी चूल कुठं मांडणार? चुलीचा धूर आला तर माझा मांडव काळा होईल. मग लोक नावं ठेवतील ती मला.

"आधी चूल पेटू दे, मग मी मांडव विणते."

तुरुतुरु तुरुतुरु. नाक वर, शेपूट खाली.

गेली ओढ्यात. दगडाखाली खेकडा. खेकडा आचारी हाय बरं का. त्याच्या दोन्ही हातांना जन्माचे चिमटे. गरम पातेलं असं उचलतो. खिट.

खेकडा म्हणला, "काय गं चिचे, कुठं पळतेस?"

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, चूल पेटव.
सुगरण मांडव विणीना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

खेकडा आडवा चालला. इकडं गेला, तिकडं गेला. खिट खिट, खिट खिट. म्हणला, चूल पेटवतो की. पण घुगऱ्या उकडू कशात? पाणी कुठाय?

चिची म्हणली, "भाऊ, तू पाण्यातच उभा हायस."

खेकडा म्हणला, हे माझ्या घरातलं पाणी. स्वयंपाकाचं पाणी रेडा आणतो. ज्याचं काम त्यानं करायचं.

"आधी पाणी येऊ दे, मग मी चूल पेटवतो."

तुरुतुरु तुरुतुरु. नाक वर, शेपूट खाली.

गेली चिखलात. चिखलात रेडा. काळा काळा, डोंगराएवढा. बाजूला त्याची पखाल. पखाल म्हणजे पाण्याची भली मोठी पिशवी. ती पाठीवर घेऊन तो गावभर पाणी देतो.

रेडा म्हणला, "काय गं चिचे, कुठं पळतेस?"

"रेडेमामा, रेडेमामा, पाणी आण.
खेकडा चूल पेटवीना,
सुगरण मांडव विणीना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

फुर्रर्र. रेड्यानं नुसता श्वास सोडला आणि चिची तीनदा उलटी झाली. पिल्लू बी उलटं झालं. पिल्लाला गंमत वाटली.

रेडा म्हणला, पाणी आणतो की. पण कार्याचं पाणी मी वाजत गाजत आणतो. गपचीप आणायला मी काय चोर हाय? ढोल वाजल्याबिगर माझा पायच उचलत न्हाई. बघ, हा बघ. उचलला का? न्हाई ना.

"आधी ढोल वाजू दे, मग मी पाणी आणतो."

तुरुतुरु तुरुतुरु. नाक वर, शेपूट खाली.

गेली विहिरीवर. विहिरीच्या काठावर बेडूक. पोटच त्याचं ढोल. भारी ऐट. बसतो कसा, तर पाटलागत.

बेडूक म्हणला, "काय गं चिचे, कुठं पळतेस?"

"बेडूकराव, बेडूकराव, ढोल वाजव.
रेडा पाणी आणीना,
खेकडा चूल पेटवीना,
सुगरण मांडव विणीना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

बेडकानं एक डोळा मिटला, एक उघडला. म्हणला, वाजवतो की. पण ऐकायला कोण हाय? तू आणि हे शेंगदाण्याएवढं? रिकाम्या अंगणात वाजवणारा कलावंत मी नव्हं. पाव्हणं दिसायला पाहिजेत. माना डोलवणारं पाव्हणं.

"आधी पाव्हणं येऊ देत, मग मी ढोल वाजवतो."

तुरुतुरु तुरुतुरु. नाक वर, शेपूट खाली.

ए, झोपलात काय रे? न्हाई? मग डोळे कशाला मिटले? बरं.

गेली वारुळापाशी. वारुळात मुंग्या. मुंग्याच पाव्हण्या. दारात एक म्हातारी मुंगीण बसली होती.

मुंगीण म्हणली, "काय गं चिचे, कुठं पळतेस?"

"मुंगीणआजी, मुंगीणआजी, बारशाला या.
बेडूक ढोल वाजवीना,
रेडा पाणी आणीना,
खेकडा चूल पेटवीना,
सुगरण मांडव विणीना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

मुंगिणीनं एकदा मागं वळून बघितलं. मग घसा खाकरला. म्हणली, आलो असतो की. पण उन्हात कुठं बसायचं? डोकी तापतील.

"आधी मांडव उभा राहू दे, मग आम्ही येतो."

मांडव?

अहो, मांडवासाठीच तर चिची निघाली होती.

तुरुतुरु तुरुतुरु. नाक खाली, शेपूट बी खाली.

परत गेली बाभळीखाली.

"सुगरणताई, सुगरणताई, मांडव विण.
मुंग्या काही येईनात,
बेडूक ढोल वाजवीना,
रेडा पाणी आणीना,
खेकडा चूल पेटवीना,
सुगरण मांडव विणीना,
बारसं काही होईना,
बाळाला नाव मिळंना."

सुगरण म्हणली, हे सगळं मला कशाला सांगतेस? मी सकाळीच बोललेय. आधी चूल.

खेकडा म्हणला, आधी पाणी. रेडा म्हणला, आधी ढोल. बेडूक म्हणला, आधी पाव्हणं. पाव्हणं म्हणलं, आधी मांडव.

चिची आपली फिरतेय. गरगर गरगर. घाण्याच्या बैलागत. फिरून फिरून तिचं लांब नाक बी वाकडं झालं.

ऊन उतरलं. दिवस डोंगराकडं निघाला.

चिचीनं मागं बघितलं.

पिल्लू न्हाई.

पाठीला न्हाई, शेपटीला न्हाई, गवतात न्हाई. कुठंतरी तोंड सुटलं आणि राहिलं मागं.

चिचीनं हाक मारली. "ए."

बाभळीवरनं सुगरणीनं बघितलं. दगडाखालनं खेकड्यानं बघितलं. रेड्यानं बघितलं. बेडकानं बघितलं.

"ए. एऽ. एऽऽ."

लांबनं पाटलाची म्हैस बी म्हणली, "हंऽ?"

पिल्लू काही बोललं न्हाई.

चिची पळाली. आता तुरुतुरु न्हाई. धडपड धडपड. बिळात बघितलं. काड्यांच्या खाली बघितलं. ओढ्याच्या पाण्यात बघितलं, डोळे अर्धे मिटून बघितलं. न्हाई.

मग वारुळापाशी आली, आणि बघते तर काय? पिल्लू तिथं बसलंय. वारुळाच्या भोकाला कान लावून. खुदुखुदू हसतंय.

चिचीनं त्याला आधी चाटलं. मग एक चापट दिली. मग परत चाटलं. आया असंच करतात, तुमची बी करते.

मग तिनं बी भोकाला कान लावला.

आत ही भांडणं.

एक मुंगी म्हणत होती, मी जाणार. दुसरी म्हणत होती, तू कशाला, माझी कंबर बारीक हाय, मीच शोभते. तिसरी म्हणत होती, मागल्या बारशाला ही गेली होती, आता मी. चौथी नुसतीच रडत होती. आणि तिच्या मागं हजार मुंग्या एकदम बोलत होत्या, मी, मी, मी, मी, मी.

चिचीनं विचारलं, "आजी, हे काय चाललंय?"

म्हातारी मुंगीण लाजली. म्हणली, "चिचे, खरं सांगते. ते मांडवाचं आम्ही उगीच पुढं केलं. सकाळी तू आवतण दिलंस, घरटी एक या म्हणलीस. आता आमच्या घरातनं एक कोण? सकाळपासनं ठरंना झालंय."

आता तुम्हाला सांगायला पाहिजे. आवतण दोन तऱ्हेचं असतं. "घरटी एक" म्हणजे घरातनं एकानंच जेवायला यायचं. बाकीच्यांनी घरी बसून भाकरी खायची. आणि दुसरं असतं चूलबंद आवतण. म्हणजे अख्ख्या घरानं यायचं. बाप, आई, पोरं, म्हातारी, सगळी. त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची न्हाई.

चिचीनं काय केलं होतं? मूठभर हरभरे बघून भ्याली. म्हणली, घुगऱ्या पुरायच्या न्हाईत. म्हणून सांगितलं, घरटी एक. आणि सांगितलं कुणाला? मुंग्यांना. जिथं एकाच घरात सगळा गाव राहतो.

चिचीनं दिवसाकडं बघितलं. पिल्लाकडं बघितलं. मग वारुळाच्या भोकात नाक घातलं. नाक लांब होतं म्हणून आत पोचलं. आणि म्हणली,

"मुंग्यांनो, चूलबंद आवतण हाय."

आतली भांडणं मिटली.

मग आवाज आला. फुस्स.

मुंग्यांनी चूल विझवली.

आणि निघाली रांग. सुळसुळ सुळसुळ. सुळसुळ सुळसुळ. रांगेचं तोंड चिचीच्या अंगणात, रांगेची शेपूट अजून वारुळात. डोकी तापू नयेत म्हणून एकेकीच्या डोक्यावर पानाचा एकेक तुकडा.

बेडकानं पाव्हणं बघितलं. इतकं पाव्हणं. इतक्या माना. त्याचं पोट आपोआप फुगलं.

डुम डुम. डुम डुम डुम.

रेड्यानं ढोल ऐकला. पुढचा एक पाय उचलला. मग दुसरा उचलला. मग पाठीवर पखाल घेऊन असा काय मिरवत आला, की अर्धं पाणी बेडकाच्याच अंगावर. बेडूक खूश. त्याला वाटलं, आपला सत्कार झाला.

खेकड्यानं पाणी बघितलं. खिट खिट, खिट खिट. तीन खडे मांडले, वर पातेलं ठेवलं, चूल पेटवली. रटरट रटरट. घुगऱ्या उकडल्या.

सुगरणीनं धूर बघितला. धूर ओढ्याकडं चालला होता. मग तिला हायसं वाटलं. मुंग्यांच्या डोक्यावरचे पानाचे तुकडे तिनं गोळा केले. सुर्र इकडनं, सुर्र तिकडनं. असा मांडव विणला, असा मांडव विणला, की वारा आला, नाक घासून परत गेला. आणि वर मांडवाला एक पाळणा बी टांगला. पाळण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं.

मुंग्या आल्या,
बेडकानं ढोल वाजवला,
रेड्यानं पाणी आणलं,
खेकड्यानं चूल पेटवली,
सुगरणीनं मांडव विणला.

पंगत बसली. चिचीनं पातेल्यात डोकावलं. आता घुगऱ्या पुरायच्या कशा?

पहिल्या मुंगीनं एका हरभऱ्याचा कण घेतला. दुसरीनं घेतला. तिसरीनं घेतला. हरभरा पुढं सरकत गेला, सरकत गेला, पार शेवटच्या मुंगीपर्यंत गेला. सगळ्यांनी ढेकर दिली. अर्धा हरभरा उरला.

बाकीचं पातेलं रेड्यानं चाटलं. एकदाच जीभ फिरवली. आणि विचारलं, वाढायला कधी घेणार?

आता बारसं. चिचीनं पिल्लाला पाळण्यात घातलं.

बारशाला आत्या लागते. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, आणि नाव सांगायचं. म्हातारी मुंगीण म्हणली, आत्या कोण होणार?

झालं. सगळ्या मुंग्यांनी तोंडं उघडली. "मी" म्हणायच्या बेतात होत्या.

पण चिची आता शहाणी झाली होती. ती चटकन म्हणली,

"आत्या बी चूलबंद."

मग सगळ्या आत्या झाल्या. चिचीनं मनातलं नाव म्हातारीला सांगितलं, म्हातारीनं पुढचीला, पुढचीनं तिच्या पुढचीला. आणि आत्यांची रांग पाळण्यात चढली. मुंगीला कानापाशी वाकावं लागत न्हाई. ती सरळ कानातच जाते.

आत गेली, "कुर्रर्र." बाहेर आली.

दुसरी गेली, "कुर्रर्र." बाहेर आली.

तिसरी गेली, "कुर्रर्र." बाहेर आली.

पिल्लाला अशा गुदगुल्या झाल्या, अशा गुदगुल्या झाल्या, की पाळणा नुसता नाचायला लागला.

आत्या कुर्रर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत गमतीनं बुक्क्या मारतात. रेडा पुढं आला. म्हणला, बुक्क्या मी मारू का? सगळ्या मुंग्या एकदम म्हणल्या, नको मामा, तुम्ही बसा. सुगरण म्हणली, बसा. खेकडा म्हणला, अहो बसा. मग बसला बिचारा.

शेवटची आत्या कानातनं बाहेर आली. डोंगरावर दिवसाची नुसती लाल किनार उरली होती.

ढोल थांबला.

चिची मांडवाच्या बाहेर गेली. अंगणाच्या पार टोकाला गेली. पाठ फिरवून उभी राहिली. आणि हाक मारली,

"दिमडे."

रेड्यानं बघितलं न्हाई. बेडकानं बघितलं न्हाई. लांब पाटलाची म्हैस चरत होती, ती चरतच राहिली.

आणि पाळण्यातनं बारीक आवाज आला,

"ओ."

चिचीनं परत हाक मारली. काही काम नव्हतं. उगीच मारली.

"दिमडे."

"ओ."

"दिमडे."

"ओ."

अजून किती सांगू? ती काय रात्रभर हाका मारत बसली. मी काय सांगत बसू? उठा माझ्या मांडीवरनं. चला, जा आता. जा म्हणते ना.